निव्वळ

तुर्भ्याच्या खाणीकडे वळणाऱ्या रस्त्यावर
साठ टनी काट्याच्या केबिनमध्ये
मी रात्रपाळीला बसतो. अकरा वर्षं झाली.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
बरोबर निव्वळ.
एवढंच गणित मला येतं
आणि एवढ्यावर घर चाललंय.

आणखी एक येतं, ते कुणाला सांगत नाही.
महाप्याकडून कंटेनर यायला लागला
की खिडकीची सैल काच वाजते.
गाडी चढायच्या आधी, पाटीवर आकडा उमटायच्या आधी
काच किती थरथरली त्यावरून
मी मनात म्हणतो, अठ्ठावीस. चौतीस.
टनभर इकडेतिकडे,
पण जमतं.

परवा भाची डबा घेऊन आली. प्रचिती, घणसोलीची, अकरावी सायन्स.
डोंगरावर शनी आला होता,
पिवळट, न लुकलुकणारा.
म्हणाली, मामा, त्याच्या कड्यांचं वजन केलंय माणसांनी.
मी म्हटलं, कुठल्या काट्यावर?

आधी नुसता अंदाज होता म्हणे.
कड्यांमागच्या ताऱ्याचा उजेड किती गाळून येतो ते बघायचं,
दाट म्हणजे जड, विरळ म्हणजे हलकं.
(भंगारवाल्यांची हीच पद्धत. ताडपत्रीवर थाप मारतात,
लिहा बारा टन. मी लिहीत नाही.)
मग एक यान गेलं. तेरा वर्षं घिरट्या घालत राहिलं
आणि इंधन संपत आलं तेव्हा
ग्रह आणि कडी यांच्यामधल्या फटीतून
आरपार जाऊ लागलं, पुन्हा पुन्हा.
एकीकडून शनी ओढतोय, दुसरीकडून कडी.
वेग केसाएवढा बदलला.
त्यातून शनी वजा केला.
उरलं ते कड्यांचं.

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.
म्हणजे काच वाजली त्याची.

किती भरलं?
पंधरावर पंधरा शून्यं, टनात.
माझ्या पाटीवर आकडे पाचच मावतात.
आणि चूक?
तिसऱ्या हिश्श्याएवढी, कमी किंवा जास्त.
इथे वीस किलोंवरून लोक कॉलर धरतात.
यानाचं काय झालं?
त्यातच पडून जळालं, शनीत. दोन टनांचं होतं.
म्हणजे, मी म्हटलं, रिकाम्या गाडीचं वजन तेवढं वाढलं.
ती हसली. मी हसलो नाही,
पावतीत हे कुठे दाखवायचं याचा विचार करत होतो.

आणि माल?
बर्फ. जवळजवळ सगळा बर्फच, मामा,
तोही टिकायचा नाही, गळतोय सारखा खाली ग्रहावर.
आई दर शनिवारी ज्याला भीतभीत तेल घालते
त्याच्या अंगावर बर्फाचं पाणी पडतंय,
हे घरी सांगायची मला हिंमत नाही.

दोन वाजता बाळाराम ठाकूरची गाडी आली,
दिवाळे कोळीवाड्याचा बर्फ.
चौदा हजार दोनशे साठ.
कारखान्याची पावती फडकवत तो खाली उतरला,
तीनशे वीस होते, साठ किलो खाल्ले कुणी?
मी बॅटरी मागे वळवली.
महाप्याच्या वळणापासून आमच्यापर्यंत
डांबरावर एक ओली रेघ,
बारीक, कुठेही न तुटलेली.
दोघंही बघत राहिलो.
मग तो म्हणाला, लिही, जे आहे ते लिही,
आणि गेला.

गाडी उतरली. पाटीवर शून्य यायला हवं होतं.
वीस आलं.
प्लेटच्या खोलगट कोपऱ्यात पाणी साचलं होतं,
त्यात खांबावरचा दिवा.
पुढची गाडी चढायच्या आधी शून्याचं बटण दाबायचं,
नियम आहे. खराटाही दारामागेच असतो.

रस्ता रिकामा होता.
मी खुर्ची खिडकीशी ओढली.
वीस.
बऱ्याच वेळाने, पंधरा.
काच गप्प होती.